बोजोले : विणकरांच्या न्याहारीची वाइन



कामगार चळवळीत उभे आयुष्य काढलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत फ्रान्समधील एका तांबड्या वाइनवर बोलावे, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. म्हणून आधी खुलासा करतो. मी या विषयाकडे पेल्यातून आलो नाही, मागावरून आलो. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि नगर वाचनालयातून. यंत्रमाग कामगारांचा एक अभ्यासवर्ग घ्यायचा होता आणि त्यात ल्यों शहरातील रेशीम विणकरांचे १८३१ सालचे बंड शिकवायचे ठरले. त्या बंडाविषयी हाती लागेल ते वाचीत गेलो. माग, मजुरीचे दर, करार, गोळीबार हे सगळे त्यात होतेच. पण हे विणकर सकाळी काय खात आणि कशाबरोबर खात, हेही जागोजागी येई. त्या न्याहारीच्या टेबलावर जी वाइन होती तिचे नाव बोजोले. तिचा माग काढता काढता मी द्राक्षांच्या मळ्यांपर्यंत जाऊन पोहोचलो.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दारात पोराला कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यामुळे मद्याची थोरवी गाण्याचा माझा इरादा नाही. वाइन झाली तरी तिच्यात शेकडा बारा-तेरा भाग अल्कोहोल असते आणि ते फ्रेंच माणसाच्या यकृतालाही सोडीत नाही. पण एखाद्या देशाच्या कष्टकऱ्यांच्या ताटातला पदार्थ समजून घ्यावा, तो तसाच का झाला हे पाहावे, यात कोणाचे व्रत मोडत नाही.

ल्यों हे रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले शहर. (ही सोन फ्रान्समधली, आपल्याकडील शोण नदीशी तिचे नावापुरतेच साम्य.) ल्योंचे लोक थट्टेने म्हणतात की आमच्या शहराला नद्या तीन: रोन, सोन आणि बोजोले. शहराच्या उत्तरेला टेकड्यांचा एक पट्टा सुरू होतो. उत्तर-दक्षिण पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास लांब आणि फारसा रुंद नाही. बोज्यो नावाच्या जुन्या गावावरून त्या पट्ट्याला बोजोले म्हणतात, आणि पट्ट्यावरून वाइनला. त्याच्या वरच्या अंगाला बर्गंडी लागते. जगातल्या अतिशय महाग आणि मानाच्या काही वाइन तिथे होतात. या दोन शेजाऱ्यांमध्ये एक जुने भांडण आहे आणि ते एका द्राक्षवेलीवरून झालेले आहे.

त्या वेलीचे नाव गामे. बर्गंडीतील बोन गावाजवळ गामे नावाची एक वाडी आहे, तिच्यावरून हे नाव पडले. अलीकडे वनस्पतींची आनुवंशिकता तपासण्याचे शास्त्र आले, त्यातून कळले की गामे ही पिनो न्वार या खानदानी काळ्या द्राक्षाची आणि गुए ब्लां या अगदी सामान्य पांढऱ्या द्राक्षाची संतती आहे. म्हणजे बाप दरबारी आणि आई शेतकामावरची, असे म्हणा हवे तर. साल काळी, पण आतला रस पांढरा. वेल लवकर पिकते, भरघोस येते, फार नखरे करीत नाही. १३४८ सालच्या महामारीनंतर युरोपात मजूर मिळेनासे झाले होते, तेव्हा थोड्या मेहनतीत पुष्कळ देणारी अशी वेल शेतकऱ्याला आवडली नसती तरच नवल. बर्गंडीत ती झपाट्याने पसरली.

१३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप, ज्याला इतिहासात 'धीट फिलिप' म्हणतात, त्याने हुकूम काढला की गामेच्या वेली उपटून टाका. वेल दुष्ट आहे, बेइमान आहे, तिची वाइन माणसाच्या प्रकृतीला घातक आहे, अशा अर्थाची भाषा त्या हुकुमात आहे. वनस्पतीवर राजद्रोहाचा आरोप ठेवल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही. ड्यूकला आपल्या मुलखातील पिनो न्वारच्या वाइनचा लौकिक सांभाळायचा होता, कारण तो लौकिक परदेशच्या दरबारांत उपयोगी पडत असे. शेतकऱ्याला मात्र भरपूर पिकणारी आणि रोजच्या विक्रीला चालणारी वाइन हवी होती. हुकूम कोणाच्या बाजूने निघाला हे सांगायला नको.

तरीही ड्यूक अगदीच चुकला होता असे मी म्हणणार नाही. बर्गंडीच्या चुनखडीच्या चिकण जमिनीत गामे ओबडधोबड वाइन देते, हे आजचे जाणकारही मान्य करतात. दक्षिणेकडील बोजोले मात्र ड्यूकच्या अमलाखाली नव्हते. तिथे गामे राहिली, आणि तिला तिची जमीन तिथेच सापडली. बोजोलेच्या उत्तर भागात ग्रॅनाइटचा खडक आहे. तो झिजून झालेली भुरभुरीत, गुलाबीसर, निकस माती टेकड्यांच्या उतारावर पसरलेली आहे. या मातीत भरघोस वेलीला थोडा लगाम बसतो आणि द्राक्षात वास आणि आंबटगोडी उतरते. दक्षिण भागात चुनखडी आणि चिकणमाती आहे. तिथली घरे पिवळ्या दगडाची असल्यामुळे त्या भागाला 'सोनेरी दगडांचा मुलूख' म्हणतात. तिथली वाइन हलकी आणि साधी असते.

आता ही वाइन कशी करतात ते पाहू, कारण तिच्या स्वभावाची गुरुकिल्ली तिथे आहे. बहुतेक तांबड्या वाइनसाठी द्राक्षे देठापासून सोडवून फोडतात आणि रस सालींसह आंबवतात. बोजोलेत पूर्वापार रीत अशी, की अख्खे घड, देठासकट, न फोडता टाकीत भरायचे. घड अख्खे हवेत म्हणून तोडणीही परंपरेने हातानेच. वेली तारेवर न चढवता बुटक्या झुडपासारख्या ठेवलेल्या, हेक्टरी नऊ-दहा हजारांपर्यंत दाटीने लावलेल्या. त्यामुळे तोडणाऱ्याला दिवसभर कमरेत वाकून उतारावर काम करावे लागते. वाइनच्या पुस्तकांत मातीची वर्णने पानेच्या पाने असतात. या वाकलेल्या कमरेला मात्र अर्धी ओळही मिळत नाही.

टाकी भरली की खालचे घड वरच्यांच्या वजनाने फुटतात. त्यांचा रस आंबू लागतो, त्यातून कर्बवायू निघतो, म्हणजे सोड्याच्या बाटलीत असतो तोच. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकी खालून वर भरत जाते आणि वरच्या अख्ख्या द्राक्षांना हवा मिळेनाशी होते. तेव्हा एक मजेदार गोष्ट घडते. यीस्टने शिवण्याआधीच द्राक्षाच्या मण्याच्या आतच, त्याच्या पेशींमध्ये, थोडीशी साखर अल्कोहोलमध्ये बदलू लागते, दोन टक्क्यांच्या आसपास. त्याचबरोबर फळाचे ताजे वास तयार होतात आणि सालीचा रंग आत गरात उतरतो. मग मणी फुटतात, घड दाबून रस काढतात आणि उरलेले आंबवणे यीस्ट पुरे करते. बंद टाकीत बाहेरून वायू भरून हे काम शुद्ध स्वरूपात कसे करावे, याचा अभ्यास १९३० नंतरच्या दशकात मिशेल फ्लांझी या फ्रेंच शास्त्रज्ञाने केला. बोजोलेतली रीत त्याच जातीची, पण अर्धीमुर्धी. शेतकऱ्याने शास्त्राच्या आधीच हाताने शोधलेली.

या रीतीचा परिणाम असा की वाइनला रंग आणि वास मिळतात, पण तुरटपणा फारसा येत नाही. तुरटपणा म्हणजे इंग्रजीत ज्याला टॅनिन म्हणतात त्याचे काम. द्राक्षाच्या साली-बियांत ते असते, चहाच्या पानात असते, सुपारीत आणि कच्च्या केळ्यात असते. जीभ खरखरीत होते, तोंड आवळल्यासारखे वाटते, तो त्याचा धर्म. बोर्दो प्रांताच्या तांबड्या वाइनमध्ये ते भरपूर असते. म्हणून ती वर्षानुवर्षे तळघरात ठेवून मऊ करावी लागते, आणि तळघर राखायला ऐपत लागते. बोजोलेला एवढे थांबायचे कारण नाही. रंग जांभळट माणकासारखा, वास चेरीचा, रासबेरीचा, कधी व्हायोलेटच्या फुलांचा. घोट हलका, रसदार आणि स्पष्ट आंबटसर. तुरटपणा कमी आणि आंबटपणा भरपूर, ही जोडी ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे आपोआप समजेल.

कारण जेवणाशी वाइनचे नाते याच दोन गुणांवर ठरते. टॅनिनला प्रथिने धरून ठेवण्याची खोड आहे. चहात दूध घातले की तुरटपणा का जातो? दुधातली प्रथिने टॅनिनला बांधून टाकतात म्हणून. तसेच गोमांसाच्या जाड तुकड्याबरोबर तुरट वाइन मऊ लागते. पण हा जाड तुकडा रोज कोणाच्या ताटात असतो? ज्याच्या ताटात चरबी, आतडी, कातडी, अंडे, डाळ आणि कांदा असतो, त्याला आंबटपणा हवा असतो. आपण भज्यांवर लिंबू पिळतो, मटणानंतर कोकमाचे सार घेतो, ते कशासाठी? जिभेवर बसलेले तेल सुटावे आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागावा म्हणून. बोजोले ल्योंच्या विणकराच्या ताटात हेच काम करीत असे.

त्या विणकरांना तिथे कान्यू म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ल्यों हे युरोपातील रेशमाचे मोठे केंद्र होते. जॅकार्डचा माग इथलाच, १८०४ च्या सुमाराचा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने नक्षी विणणारी हीच युक्ती आपल्या सोलापुरी चादरीवर आणि येवल्याच्या कितीतरी मागांवर पुढे आली. जॅकार्डचा माग उंच. म्हणून क्रवा-रूस टेकडीवर चार-चार मीटर उंचीच्या खोल्यांची घरे बांधली गेली. त्याच खोलीत माग, त्याच खोलीत चूल आणि मागाच्या वर लाकडी माळ्यावर बिछाना. व्यापारी रेशीम आणि नक्षी द्यायचा, मागाचा मालक विणून द्यायचा आणि त्याच्याकडे काम करणारा जोडीदार मजुरीचा निम्मा हिस्सा घ्यायचा. इचलकरंजीत ज्यांना खर्चीवाले म्हणतात त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. असे सुमारे आठ हजार मागमालक आणि तीसेक हजार जोडीदार होते. कापडाचे भाव पडले की मजुरी पडायची.

१८३१ च्या ऑक्टोबरात विणकरांनी दरपत्रक मंजूर करून घेतले, म्हणजे इतक्या विणकामाला कमीत कमी इतकी मजुरी. काही व्यापाऱ्यांनी ते पाळायला नकार दिला. २१ नोव्हेंबरला विणकर टेकडीवरून खाली उतरले. काम करून जगू, नाहीतर लढून मरू, हे त्यांच्या काळ्या निशाणावरचे वाक्य होते. दोन-तीन दिवसांच्या लढाईनंतर शहर त्यांच्या हाती आले. लूट झाली नाही. डिसेंबरात फौज आली आणि दरपत्रक रद्द झाले. १८३४ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा उठले, तेव्हा गृहमंत्री तिएर याच्या कारकिर्दीत तो उठाव तोफांनी मोडण्यात आला. याविषयी बोलायला दुसरी संध्याकाळ हवी. आज मी टेबलाकडे वळतो.

हे लोक पहाट होण्यापूर्वी मागावर बसत. नऊच्या सुमारास पोटात आग पडे. तेव्हा जे खाणे होई त्याला माशों म्हणतात. नाव न्याहारीचे, पण पदार्थ जेवणाला भारी. चांगले मांस गावातील बड्या घरी गेलेले असे; उरलेले डुकराचे आणि बैलाचे जे काही, ते या टेबलावर येई. चरबीचे कुरकुरीत तळलेले तुकडे, सुकवलेले मसालेदार सॉसेज, रक्ताचे सॉसेज सफरचंदाबरोबर, आतड्यात आतडी भरून केलेली आंदुयेत, उकडलेली मसुरीची डाळ व्हिनेगर घालून. आणि वजडी. वजडीचा मोठा तुकडा उकडून, वाइन आणि मोहरीच्या वाटणात मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. त्याला 'सॅपरचा अंगरखा' म्हणतात, कारण फौजेतील सॅपर शिपाई पुढे चामड्याचा जो ॲप्रन बांधीत त्याच्यासारखा तो दिसतो. या सगळ्याबरोबर बोजोले, पिंपातून काढलेली, थंडसर.

ती देण्याचे भांडेही सांगण्यासारखे आहे. ल्योंचा 'पो' म्हणजे जाड बुडाची काचेची बाटली. बूड जाड म्हणजे टेबलावर सहसा लवंडत नाही. तिच्यात मावतात ४६ सेंटिलीटर. हा विचित्र आकडा का? तिथे गोष्ट अशी सांगतात की विणकरांना अर्धा लिटर वाइन देण्याचे ठरलेले होते आणि मालकांनी त्यातले चार सेंटिलीटर हळूच कापून घेतले. ही लोककथा आहे, इतिहास म्हणून मी ती मांडणार नाही. पण ती रचणाऱ्याने मालकाच्या मापाचा अनुभव घेतलेला असणार, एवढे मी तीस वर्षांच्या धंद्यावरून सांगू शकतो.

काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका बैठकीसाठी जिनिव्हाला जाण्याचा योग आला. तिथून ल्यों आगगाडीने दोन तासांवर. एक दिवस काढून गेलो आणि क्रवा-रूसच्या उतारावरील एका 'बुशों'त जेवलो. बुशों म्हणजे ल्योंची जुनी खानावळ; टेबले एकमेकांना चिकटलेली, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लागेल अशी. वजडीचा तो अंगरखा मागवला. पहिला घास चविष्ट, दुसरा जड, तिसऱ्याला वाटले की आता पुरे. मग वाइनचा घोट घेतला आणि चौथा घास पहिल्यासारखा लागला. पुस्तकात वाचलेले आंबटपणाचे तत्त्व तिथे जिभेवर पटले. शेजारी बसलेल्या निवृत्त रेल्वे कामगाराने माझ्या ताटाकडे पाहून मान डोलावली. त्याला इंग्रजी येत नव्हते, मला फ्रेंच येत नव्हते, पण वजडीवर आमचे एकमत झाले.

अशा खानावळी पुष्कळदा बायकांनी उभ्या केल्या. बड्या घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी नोकरी सुटल्यावर स्वतःची चूल मांडली. त्यांना 'ल्योंच्या आया' म्हणतात. त्यांतली युजेनी ब्राझिए १८९५ साली शेतकरी घरात जन्मली, लहानपणी दुसऱ्यांच्या शेतावर राबली, आणि १९३३ साली तिच्या दोन उपाहारगृहांना मिशलँ मार्गदर्शिकेने प्रत्येकी तीन तारे दिले. बड्यांच्या स्वयंपाकघरातले कौशल्य आणि कष्टकऱ्यांचा पदार्थ यांचा मेळ या बायकांनी घातला, आणि त्यांच्या टेबलावर बोजोले कायम राहिली.

आता, सगळी बोजोले एक नव्हे. साध्या बोजोलेच्या वर 'बोजोले-व्हिलाज' ही पायरी आहे, आणि त्याच्यावर दहा गावा-टेकड्यांच्या वाइन, ज्यांच्या बाटलीवर पुष्कळदा बोजोले हे नावही ठळक नसते. फक्त गावाचे नाव असते. यांतल्या बहुतेकांना १९३६ ते १९४६ या काळात कायद्याने स्वतंत्र नाव मिळाले. रेन्ये हे शेवटचे, १९८८ साली. दहाही नावे मी घोकवून घेणार नाही. शिरूब्ल सर्वांत उंचावरची आणि हलकी. कोंबडीचे साधे भाजलेले मांस, थंड मांसाचे काप, कोशिंबिरीसारखे पदार्थ यांना ती शोभते. ल्योंची एक कोशिंबीर आहे: कडवट पाला, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे परतलेले तुकडे, व्हिनेगर आणि वर पाण्यात सोडलेले अर्धकच्चे अंडे. व्हिनेगरपुढे बहुतेक वाइन बापुड्या होतात. ही होत नाही, कारण तिच्या अंगातच आंबटपणा आहे. फ्लरी फुलांच्या वासाची. तीही कोंबडीला चांगली. ब्रुयी टेकडीच्या भोवतालची वाइन फळाळ आणि मोकळी. सॉसेजला हीच घ्यावी. मोर्गों मात्र अंगाने भरलेली. तिथे पी नावाच्या उतारावर झिजलेला काळसर-निळसर दगड आहे आणि त्या मळ्यांची वाइन काही वर्षे ठेवली तर पिकलेल्या चेरीसारखी होते. बदकाबरोबर, सशाबरोबर ती उभी राहते. आणि मुलँ-आ-व्हां, म्हणजे पवनचक्की. तिथल्या मातीत मँगनीज आहे. द्राक्ष तेच गामे, पण वाइन सर्वांत कणखर. दहा वर्षे ठेवलेली मुलँ-आ-व्हां जाणत्या माणसालाही पिनो न्वारच्या बर्गंडीसारखी वाटू शकते. ड्यूक फिलिपच्या टेबलावर ती झाकून ठेवली असती तर काय झाले असते, असा खोडकर विचार माझ्या मनात येतो. वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा आणि मंद आचेवरचे मांस ही तिची खरी जोड.

जगात मात्र बोजोले प्रसिद्ध झाली ती या दहा गावांमुळे नव्हे, तर सर्वांत कोवळ्या वाइनमुळे. द्राक्षे सप्टेंबरात तुटतात. चार-पाच दिवस टाकीत ठेवून, लगबगीने उरकून नोव्हेंबरात बाजारात आणतात, ती 'नवी बोजोले'. ल्योंच्या गुत्त्यांत ती पूर्वीपासून येत असे. १९५१ साली सरकारने ती लवकर विकायला रीतसर परवानगी दिली. १९६७ साली १५ नोव्हेंबर हा दिवस ठरला आणि १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. जॉर्ज द्युबफ (१९३३–२०२०) या व्यापाऱ्याने तिचा सण केला. मध्यरात्री बुचे उघडायची, विमानाने जपानला खोकी धाडायची. वास केळ्याचा, चव सरबताच्या शेजारची. वाइनचे शौकीन तिला नाके मुरडतात. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट दिसते. इतर वाइन विकून पैसा हाती यायला वर्ष-दोन वर्षे लागतात. इथे दोन महिन्यांत रोकड येते. कर्ज काढून द्राक्ष पिकवणाऱ्याला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

विशेषतः बोजोलेत. इथे मळा जमीनदाराचा आणि मेहनत कसणाऱ्याची, पीक अर्धे-अर्धे, ही अर्धेलीची पद्धत शतकानुशतके चालली आणि अजूनही पुरती गेलेली नाही. मागावरचा जोडीदार निम्म्याने, वेलीवरचा कुळवाडी निम्म्याने.

मात्र फॅशनवर उभा राहिलेला बाजार फॅशनबरोबर बसतो. मागणी वाढली तशी वेली जास्त ताणल्या गेल्या, वाइन पातळ झाली, एकसारखी झाली. २००१ च्या हंगामानंतर जवळजवळ एक कोटी लिटर वाइन विकली गेली नाही. ती भट्टीत घालून नुसते अल्कोहोल काढावे लागले किंवा तिची वासलात लावावी लागली. नव्या बोजोलेच्या बदनामीत मोर्गों आणि फ्लरीचे शेतकरीही होरपळले, कारण ग्राहकाला बोजोले म्हटले की केळ्याचा वासच आठवे. या शतकाच्या आरंभी वीस हजार हेक्टरांहून अधिक असलेले मळे आता पंधरा हजारांच्याही खाली आले आहेत. ज्या उतारांवर वाकून वेल छाटावी लागे तिथे ती उपटली गेली. या वेळी ड्यूकच्या हुकुमाशिवाय.

सावरण्याचे काम आतूनच झाले. ज्यूल शोव्हे (१९०७–१९८९) नावाचा वाइनचा एक व्यापारी रसायनशास्त्राचा अभ्यासक होता. द्राक्षावर आपोआप असणारे यीस्ट वापरावे, गंधकाचा मारा कमी करावा, निरोगी घड निवडावेत, हे त्याने प्रयोगांनी दाखवले. मोर्गोंच्या मार्सेल लापियेर याने, जो २०१० साली वारला, आणि त्याच्या शेजारच्या काही मळेवाल्यांनी ते आपल्या टाक्यांत उतरवले. त्यांच्या वाइन आज पॅरिसपासून तोक्योपर्यंत शोधून घेतल्या जातात, आणि तरीही बर्गंडीच्या मानाच्या बाटलीच्या मानाने त्या स्वस्तच पडतात.

इथे या वाइनविषयी कोणी विचारले तर मी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. तांबडी वाइन खोलीच्या तपमानाला प्यावी असे पुस्तकात लिहिलेले असते. ती खोली युरोपातली, शेगडी नसलेली. आपल्या एप्रिलच्या खोलीत कोणतीही वाइन काढ्यासारखी लागेल. बोजोले बारा ते चौदा अंशांना द्यावी. म्हणजे तासभर शीतकपाटात ठेवून काढावी. नवी असेल तर आणखी थोडी गार. आपल्या तिखट रश्श्याबरोबर तुरट, जड वाइन घेतली तर तिखट आणि तुरट मिळून जीभ सोलून काढतात, आणि अल्कोहोल जास्त असेल तर आग वाढते; त्यातल्या त्यात कमी तुरट आणि गार अशी ही निभावून नेते. सुक्या मटणाबरोबर ठीक, फार गोड पदार्थाबरोबर मुळीच नाही. साधी बोजोले वर्ष-दोन वर्षांत संपवावी. ती जपून ठेवणाऱ्याला शेवटी फिक्या रंगाचे आंबट पाणी मिळते.

आणि ज्यांना वाइन नको, त्यांना त्या टेबलावरचा एक पदार्थ नेता येईल. त्याचे नाव 'कान्यूचा मेंदू'. कोणी म्हणतात, विणकराला कोकराचा भेजा परवडत नसे म्हणून त्याने दह्याचे हे सोंग केले. कोणी म्हणतात, विणकरांविषयी बड्या लोकांना जे वाटे ते या नावात उतरले. ताजे, मऊ, पांढरे चीज घेतात. आपल्याकडे पुरता न गाळलेला चक्का चालेल. तो घोटून त्यात छोटा कांदा अगदी बारीक चिरून घालायचा, कांद्याची कोवळी पात, पार्सली, लसणाची एक पाकळी, मीठ, मिरपूड, चमचाभर व्हिनेगर आणि थोडे ऑलिव्हचे तेल. दोन तास गार ठेवायचे, म्हणजे कांद्याचा वास दह्यात उतरतो. उकडलेल्या बटाट्याबरोबर किंवा पावाच्या जाड कापावर लावून सकाळी नऊ वाजता खायचे. ल्योंमध्ये त्याच्या शेजारी ४६ सेंटिलीटरचा पो असतो.